दहाचं शून्य, हातचा एक

बादलीवर पांघरूण मी घातलं होतं. त्यामुळे घरच्या पहिल्या बिअरला शिकरणीचा वास आला तो माझ्यामुळेच, हे मी आधीच कबूल करून टाकते.

१९८५ च्या मे महिन्यात मी क्युपर्टिनोला माझ्या लेकीकडे, सुचित्राकडे, सहा महिने राहायला गेले. अकोल्याच्या शाळेत एकतीस वर्षं चौथीला शिकवून त्याच साली निवृत्त झाले होते. तिथे पोचल्यावर एक गोष्ट कळली, जी पत्रात कुणी लिहिली नव्हती. जावई, चंद्रशेखरराव, दिवसभर घरी होते. चिपच्या कंपन्यांत मंदी आली होती आणि एप्रिलमधल्या एका शुक्रवारी त्यांच्या कंपनीनं दोनशे माणसं कमी केली होती. सुचित्रा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, घर तिच्या पगारावर चाललं होतं. ओढाताण नव्हती. पण वाणसामानाची पिशवी आत आणताना ते आधी बिल वाचत आणि मग पिशवी खाली ठेवत, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं.

त्यांचा एकच शौक होता. दर शुक्रवारी ते एका छोट्या ब्रुअरीची दाट, कडवट बिअर आणत. सहा बाटल्यांना सहा डॉलर. सुपरमार्केटमधल्या नेहमीच्या बिअरला ते ‘पिवळं पाणी’ म्हणत. नोकरी गेल्यावर त्यांनी ती आपणहून बंद केली. मग एक दिवस झाकणाची मोठी बादली, रबरी नळी आणि बाटल्यांना बूच दाबायचं यंत्र घेऊन आले.

“आता घरीच करणार,” ते सुचित्राला म्हणाले. “स्वस्त पडते.”

मला, सासूला, मात्र त्यांनी सांगितलं की गॅरेजमध्ये एक प्रयोग चालू आहे. मी झाकणाशी नाक नेलं आणि म्हटलं, “चंद्रशेखरराव, हे तर आंबवण आहे. इडलीच्या पिठासारखंच. आणि रात्री इथे किती गार पडतं!” म्हणून मी जुनी रजई काढून बादलीभोवती नीट गुंडाळली. ते काही बोलले नाहीत. बिअरला ऊब सोसत नाही, ती गारव्यातच बरी, हे त्यांना पुस्तकात वाचून माहीत होतं. पण सासूनं घातलेलं पांघरूण काढायचं कसं?

अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांनी त्यांनी पहिली उघडली, एक घोट घेतला आणि विचार करून म्हणाले, “वेगळी आहे.”

माझी नात उत्तरा दहा वर्षांची. तिनं बाटली हुंगली. “आजी, यू मेड इट बनाना!”

त्या अठ्ठेचाळीस बाटल्या त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून संपवल्या. तक्रारीचा एक शब्द निघाला नाही. पुढच्या दोन वेळी मी पांघरूण घातलं की ते गॅरेजमध्ये जाऊन हळूच सैल करत, एवढंच.

“स्वस्त पडते” हे मात्र रोज कानावर यायचं. पाहुणे आले की सांगत, फोनवर सांगत, मला तर चहा पितानाही सांगत. शाळेत काही मुलं न विचारता पुनःपुन्हा सांगतात, की माझा अभ्यास झालाय. अशा मुलांकडे नीट बघावं लागतं. बिअरचं निमित्त होतं. या घरात मीही काही वाचवतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं, सुचित्राला आणि बहुधा मलाही.

जुलैत त्यांच्या मित्राचा, प्रतापचा, फोन आला. सनीव्हेलला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. “ये माझ्याकडे. तासाला आठ डॉलर देतो, यार. सध्या तेवढेच परवडतात.” चंद्रशेखररावांनी फोन ठेवला आणि सुचित्राला म्हणाले, “बारा वर्षं मी चिपा डिझाइन केल्या, आता लोकांच्या मशीनची झाकणं उघडत बसू? निम्म्याहून कमी पैशांत?” सुचित्रा म्हणाली, “तू ठरव.” त्यानंतर प्रतापचं नाव कुणी काढलं नाही. ते सकाळी उठून गॅरेजमध्ये जात आणि धुतलेल्या बाटल्या पुन्हा धूत.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी उत्तराला गणित शिकवत होते. पुस्तकातली गणितं तिला नको असायची, म्हणून आम्ही घरातली घेत होतो. दर आठवड्याला एक गणित, ‘घरचं की विकतचं?’ दही घेतलं, त्यात घरचं जिंकलं. चकली घेतली. तेव्हा मी तिला सांगितलं, की नुसतं भाजणी आणि तेल लिहून चालणार नाही, करणाऱ्याचा वेळही लिहायचा. सुचित्राला लॅबमध्ये तासाला अकरा डॉलर मिळायचे, चकलीला तीन तास लागले. तेहतीस डॉलर चढले आणि घरची चकली हरली. सुचित्रा खूश झाली. “बघ आई, मी कधीची म्हणतेय, इंडियन स्टोअरमधून आणू!”

ऑगस्टमध्ये उत्तरानं बिअर घेतली. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती वही घेऊन टेबलाशी बसली आणि चंद्रशेखरराव तिच्या शेजारी. चंद्रशेखररावांनी सगळ्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवल्या होत्या.

“बादली, नळी, बूच दाबायचं यंत्र, सगळं मिळून बेचाळीस डॉलर,” ते म्हणाले. “माल्ट, हॉप्स, यीस्ट हा कच्चा माल आणि बुचं, एका वेळचे सोळा. बाटल्या जुन्याच, त्यांचे काही नाही. आपण तीनदा केली.”

“सोळा त्रिक अठ्ठेचाळीस,” उत्तरा म्हणाली. पाढे तिला मराठीत येऊ लागले होते. तिनं अठ्ठेचाळीसखाली बेचाळीस लिहिले, बेरीज केली आणि उत्तर दिलं, “एटी.”

“हातचा?” मी विचारलं.

“ओह, नो.” ती उन्हाळाभर हातचा विसरत होती. मोठ्यानं म्हणत तिनं पुन्हा केली. “आठ आणि दोन दहा. दहाचं शून्य, हातचा एक. चार आणि चार आठ आणि हातचा एक, नऊ. नव्वद.”

“आता विकतचं.”

“तीन वेळच्या वन फॉर्टी फोर बाटल्या. एका बाटलीला एक डॉलर. एकशे चव्वेचाळीस डॉलर.” तिनं वजाबाकी केली. “बाबा, यू सेव्ह्ड फिफ्टी-फोर डॉलर्स!”

चंद्रशेखरराव खुर्चीत मागे रेलले. “काय म्हणत होतो मी?”

“बाटलीमागे वाचतात रे,” ओट्याशी भांडी पुसत सुचित्रा म्हणाली, “पण आधी महिन्याला दोन डझन प्यायचास. आता घरात बाटल्याच बाटल्या!”

“त्या मी एकट्यानं नाही संपवल्या. तुझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांनी संपवल्या.”

“ते बरे येतील फुकट मिळाल्यावर!”

दोघंही हसली. मीही हसले. तेवढ्यात उत्तरा म्हणाली, “वेट. वेळ राहिला. आजी, चकलीला आपण वेळ लिहिला होता.”

नियम माझाच होता. आता नको म्हणायची सोय नव्हती.

“एका वेळी सहा तास,” ती म्हणाली. “तीन वेळचे अठरा.” पेन्सिल तयार ठेवून तिनं वडिलांकडे पाहिलं. “बाबा, तुझ्या एका तासाचे किती डॉलर लिहू?”

तिला खरंच आकडाच हवा होता, त्यात दुसरं काही नव्हतं. पण सुचित्राचा भांडी पुसणारा हात थांबला.

चंद्रशेखरराव पावत्या एकावर एक नीट लावू लागले. “शून्य लिही,” ते म्हणाले.

“झीरो?”

“सध्या माझ्या तासाला कुणी काही देत नाही, बेटा. अठरा गुणिले शून्य, शून्य. म्हणजे चौपन्न वाचले ते वाचलेच.”

उत्तरानं शून्य लिहिलं. नंतर तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. बाबा जिंकला होता, आणि कुणीच खूश दिसत नव्हतं.

वर्गात असं झालं की मी घाई करत नसे. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“ती बेरीज पुन्हा म्हणून दाखव. अठ्ठेचाळीस आणि बेचाळीस.”

“केली ना मी.”

“म्हण तर.”

“आठ आणि दोन दहा. दहाचं शून्य, हातचा एक.”

“शून्य कुठे लिहिलंस?”

“खाली. इथे.”

“शून्य लिहिलंस, म्हणजे तिथे काहीच नव्हतं का?”

“नो! दहा होते.” माझा प्रश्न तिला खुळ्यासारखा वाटला.

“मग ते दहा गेले कुठे?”

“हातचा झाले. पुढच्या घरात गेले.” तिनं बोटानं दशकाचं घर दाखवलं. बोट तसंच खाली सरकत सरकत वडिलांच्या शून्यापाशी आलं आणि थांबलं. ती विचारात पडली. मग तिनं अगदी मनापासून विचारलं, “बाबा, मग तुझा हातचा कुठे गेला?”

चंद्रशेखरराव एकदम हसले. ते हसू मधेच अडलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, बराच वेळ पुसला.

“आई, हे तुम्ही मुद्दाम काढलंत.”

“मी चौथीचं गणित घेतेय, चंद्रशेखरराव.” पण तेवढ्यावर मला राहवलं नाही. “एक सांगू का? तुमची बिअर स्वस्त पडते, ती तुमचा तास फुकट धरला तरच. मी तीनही वेळा पाहिलंय. ते एवढं मोठं पातेलं उतू जाऊ नये म्हणून तुम्ही शेगडीपाशी उभे असता. एकेक बाटली उजेडात धरून बघता. एवढं निगुतीनं केलेलं काम फुकटात मोजलं, तर माझ्या वर्गात मी ते गणित चुकीचं देईन.”

उत्तरानं पेन्सिल पुन्हा हातात घेतली होती आणि खोडरबर शून्यावर धरलं होतं. पण खोडत नव्हती. वडिलांनी सांगायची वाट पाहत होती.

“आठ,” चंद्रशेखरराव म्हणाले. “आठ लिही.”

सुचित्रानं वळून पाहिलं. “प्रतापचे आठ?”

“प्रतापचेच. दुसरं कुणी विचारलंय मला?”

हात पुसून सुचित्रा टेबलाशी येऊन बसली.

उत्तरानं शून्य खोडलं. अठरा गुणिले आठ मांडले. “आठ अठ्ठे चौसष्ट. चौसष्टाचे चार, हातचे सहा. आठ एके आठ, आठ आणि सहा चौदा. एकशे चव्वेचाळीस.” या वेळी हातच्याची आठवण मला करून द्यावी लागली नाही. मग तिनं नव्वद मिळवले. “दोनशे चौतीस. आणि विकतची एकशे चव्वेचाळीस. बाबा…” तिनं वजाबाकी केली. “बाबा, यू लॉस्ट. नव्वद डॉलर्सनी.”

“दाखव.” त्यांनी वही घेतली, ओळन् ओळ तपासली, बोट ठेवून हातचेही पाहिले. “बरोबर आहे. हरलो.” मे महिन्यापासून ते जिंकत आले होते, पण त्यांचा चेहरा इतका मोकळा मी तेव्हा प्रथमच पाहिला.

ते उठले आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन उचलून प्रतापला लावला. आम्हाला एका बाजूचंच ऐकू आलं. “हो… हो, आठच… नाही यार, रागावतोस काय, सोमवारी येतो… बिअर? आणतो. पण ऐक, ती फुकटची नाही. तीन डॉलर पडतात एका बाटलीला.”

“एक डॉलर बासष्ट सेंट!” उत्तरा ओरडली. भागाकार तिनं तेवढ्यात करून टाकला होता.

“मग गॅरेज रिकामं करायचं ना?” त्यांनी फोन ठेवल्यावर सुचित्रानं विचारलं. “विकतचीच स्वस्त निघाली.”

“हरलो म्हणून काय झालं? मला आवडते माझी बिअर.”

“शिकरणीचा वास येतो तिला.”

“पहिलीला यायचा फक्त.”

चौथ्यांदा बिअर केली ती सप्टेंबरात, एका रविवारी. आता त्यांना तो एकच दिवस सुट्टीचा मिळत होता. संध्याकाळी मी सवयीनं रजई घेऊन गॅरेजमध्ये गेले. चंद्रशेखरराव दुकानात घालायच्या निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडून बादलीचं झाकण लावत होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या रजईकडे पाहिलं.

“आई,” ते म्हणाले, “या वेळी पांघरूण नको हं. तुमच्या पांघरुणानंच केळ्याचा वास आला होता.”

“मग चार महिने बोलला का नाहीत?”

“आता बोललो ना,” ते म्हणाले, आणि रजई माझ्या हातातून घेऊन घडी घालून फळीवर ठेवली.