मेनूवर थांबलेलं मशीन

शीतगृहात त्याला सगळे धन्वंतरी म्हणत, कारण आजारी मशीन त्याच्या हाताखालून गेलं की उठून बसायचं. त्या दुपारी मात्र धन्वंतरी एका कॉम्प्युटरसमोर नुसताच बसून होता.

पडद्यावर मेनूच्या दोनच ओळी होत्या. वरची नव्या कर्नलची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, खालची जुन्याची. एंटर दाबलं तर मशीन सुरू होणार, नाहीतर जन्मभर तसंच बसणार. सकाळी वीज गेली, दोन मिनिटांत आली, बाकी सगळं आपोआप चालू झालं. गारव्यासाठी लागणाऱ्या विषारी अमोनियाची गळती ओळखून भोंगा वाजवणारं हे एकच मशीन मेनूवर थांबून राहिलं.

ही करणी त्याचीच. गेल्या आठवड्यात नवं कर्नल तपासताना मेनू पाच सेकंदच थांबून आपोआप पुढे जायचा, आणि म्हाताऱ्या मॉनिटरला उजळायलाच सहा लागायचे. चौथ्यांदा मेनू हुकल्यावर धन्वंतरीचं डोकं फिरलं. सेटिंगच्या फाइलमध्ये त्याने पाचच्या जागी उणे एक लिहिलं. म्हणजे थांब बाबा, हवं तेवढं थांब. काम झालं की परत पाच करू, म्हणाला. काम झालं आणि गडी विसरला.

वीज आल्यावर कॉम्प्रेसर बघायला आत गेला तो त्याचा मेहुणा. ही नोकरी धन्वंतरीनेच शब्द टाकून त्याला मिळवून दिली होती. भोंगा गप्प तर मास्कची गरज नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं. आत अमोनिया गळत होता. मेहुणा मास्क न घालता गेला आणि दारापर्यंतही परत पोचला नाही.

मॅनेजरने आत येऊन दार लोटलं.

"तपासणीवाले अर्ध्या तासात येतायत. हे का थांबलंय, मी विचारत नाही. एंटर दाब."

"साहेब, भोंगा वाजलाच नाही. त्याची काही चूक नव्हती."

"वाजत होता, त्याने मानला नाही, असं मी लिहून दिलंय. भोंगा त्या खोलीबाहेर ऐकू येत नाही, कोण काय बोलणार? गेला तो गेला. आता तू तुरुंगात जाऊन बसणार? तुला पोरं नाहीत?"

"आणि मशीनच्या नोंदी उघडल्या तर?"

"उघडायला तुलाच बोलावतील."

जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी, असं धन्वंतरी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आला होता. त्याने एंटर दाबलं. मग फाइल उघडून उणे एकचे पाच केले, मेनू नव्याने तयार केला, दोनदा तपासला. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला किळस आली.

हॉस्पिटलच्या बाकावर बहीण नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती.

"दादा, हे तर घरचा गॅससुद्धा दोनदा बघून झोपायचे. लोक म्हणतात, भोंगा वाजत असताना तसेच आत गेले. मला नाही पटत. मशीन तुझं आहे. तू सांगशील ते मी खरं मानीन."

खरं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"वाजत होता गं," तो म्हणाला.

ती मान खाली घालून बुटांना म्हणाली, "असं कसं केलंत हो तुम्ही?"