कंपनीचे बोल्ट

मला ट्रॅक्टर चालवायला माझ्या धाकट्या भावानं, रविकुमारनं शिकवलं, हे मी गावभर सांगत फिरायचे. जीभ जरा आवरली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

हळ्ळीखेडात बाई ट्रॅक्टर चालवते म्हटल्यावर लोक आधी हसले. मग तेच नांगरटीला बोलवू लागले, कारण माझं नांगराचं तास सरळ येतं आणि मी तंबाखू मळायला थांबत नाही. नवरा शिवाप्पा कोळारच्या कारखान्यात कामाला, रविवारी घरी येतो. सासऱ्यांना मात्र सून स्टिअरिंगवर बसलेली कधीच रुचली नाही. "एक चूक झाली की चावी माझ्याकडं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी खुशाल हो म्हटलं. चूक करतंय कोण?

कार्तिकात शेजारच्या गावच्या जत्रेत ट्रॅक्टरांची ओढाओढ असते. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीनं बांधायचे, जो दुसऱ्याला फरफटत नेईल तो जिंकला. रवीचं कोळारला गॅरेज आहे. तो आला आणि म्हणाला, "अक्का, एक दिस ट्रॅक्टर दे की. इंजिनाला हात लावणार न्हाई, आईची आण."

आईची आण घातल्यावर बहिणीनं काय बोलायचं? दिला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर परत आला तो धुऊन पुसून चकचकीत. मला कौतुकच वाटलं. घासलेल्या भांड्याचा कोण वास घेऊन बघतं!

पुढच्याच आठवड्यात हरभऱ्याचं रान नांगरताना धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि तापमानाचा काटा तांबड्यावर गेला. मी तिथंच इंजिन बंद केलं. तेल बघितलं तर ताकासारखं पांढरं. म्हणजे रेडिएटरचं पाणी तेलात उतरलं होतं.

ट्रॅक्टर ओढून घरी आणला. रवी आला आणि आमच्या अंगणातच त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं. बघायला अर्धी गल्ली जमली. हेडखालचं गॅस्केट, पाणी अन् तेल वेगळं ठेवणारी पट्टी, एका बाजूनं जळालेलं. ते त्यानं वर धरून दाखवलं, आणि बोलला ते माझ्याशी नाही, सासऱ्यांशी.

"पाणी कमी असताना चालवलंय, अप्पा. तापून तापून गेलंय. अक्काचं ध्यान राहिलं नसंल. बाईमाणूस, घरचं बी बघावं लागतंय."

वर पुन्हा किती माया होती त्या आवाजात! सासऱ्यांनी हात पुढं केला. मी चावी दिली.

राग चावी गेल्याचा नव्हता. राग ह्याचा, की मी त्याचं खरं मानलं. भाकरी थापताना, गोठा झाडताना मी आठवत राहिले, त्या सकाळी पाणी बघितलं होतं का? बघितलं होतं. रोजच बघते. पण रवी म्हणतोय म्हणजे राहिलंच असेल. शिवाप्पाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तुझा सख्खा भाऊ तुझ्याबद्दल खोटं कामून बोलल?"

चार दिवसांनी सासरे म्हणाले, "हेड बसलं की गल्लीतला धनराज चालवल. त्याला सांगून ठेवलंय. तू तेवढा पुसून ठेव." मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावतात. पण कुंकू एका धुण्यात जातं, म्हणून मी ट्रॅक्टरला तेलात कालवलेला शेंदूर लावते. तो वाळला की रंगासारखा धरतो. टर्बोच्या बाजूला एक बारीक दांडी आहे, तिच्यावर नट आहे. शिकवताना रवीनंच सांगितलं होतं, "अक्का, हा नट कंपनीनं बसवलेला. हा फिरवला की टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, ताकद वाढती. ह्याला कधी हात लावायचा न्हाई." इतकं जोखमीचं ठिकाण म्हणून ह्या दसऱ्याला मी मुद्दाम तिथं बोट ओढलं होतं, दांडीवरून नटावर, एक सरळ रेघ.

रेघ तुटली होती. दांडीवरचा शेंदूर समोर, नटावरचा पार बाजूला.

फडकं तिथंच टाकलं आणि बस धरून कोळार गाठलं. रवी एका पिकअपखालून बाहेर आला. माझं तोंड बघून हसायचं विसरला.

"नट कुणी फिरवला?"

"कसला नट, अक्का?"

"मी शेंदूर लावलता त्याच्यावर. परत फिरवलास, पर रेघ जुळली न्हाई, रवी."

त्यानं हात पुसले. मग बोलला. जत्रेसाठी टर्बोची हवा वाढवली, डिझेल वाढवलं. ओढाओढीत आत दाब इतका झाला की हेड उचललं गेलं. "हेड आवळणारे कंपनीचे बोल्ट कंपनीच्या दाबापुरतेच असतेत, अक्का. हद्दीपलीकडं ताणला की बोल्ट पुन्हा आखडत न्हाई. दिसायला तसाच दिसतोय, पर पकड जाती. मग साध्या नांगरटीला बी गॅस्केट फुटतंय."

"म्हंजे तुला अंगणातच ठावं होतं."

"व्हय."

"अन् माझ्यावर ढकललंस."

"गॅरेजचं नाव जाईल म्हणून, अक्का." त्यानं माझे पाय धरले. "उद्या येतो. नवे बोल्ट टाकतो. अप्पाला मीच सांगतो, तू काई बोलू नको."

माझं डोकं तापलेलं होतं, तरी तो पायाशी बसला की मला लहानपणचाच दिसतो. परत येताना बसमध्ये मी त्याला निम्मी माफी देऊनही टाकली.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. नव्या बोल्टांचा डबा ओट्यावर ठेवला, जुना एक बोल्ट सासऱ्यांच्या हातात दिला. मी पदर खोचून उभी होते.

"अप्पा, माझंच चुकलं," रवी म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्काची काई चूक न्हाई. मी नीट बघितलं. कंपनीचे बोल्टच कच्चे निघाले. हल्ली माल असाच येतोय."

सासऱ्यांनी मान डोलावली. "तरी म्हटलं, पोरगी पाणी बघायला चुकायची न्हाई." त्यांनी खिशातून चावी काढून माझ्यापुढं धरली. रवीनं माझ्याकडं बघून हळूच डोळा मिचकावला. माझी चावी परत आली होती, त्याचं नाव शाबूत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. माझ्या गप्पपणाचाही त्यानं हिशेब धरला होता.

त्या डोळा मिचकावण्यानं माझी ती निम्मी माफीही गेली.

"बोल्ट कच्चे नव्हते, मामा," मी सासऱ्यांना म्हटलं. "त्यांच्या हद्दीपतोर त्यांनी धरलं. कच्चा माझा भाऊ निघाला."

"अक्का!"

मी सासऱ्यांना टर्बोपाशी नेलं, शेंदूर दाखवला आणि जत्रेपासून सगळं सांगितलं. ते कधी नटाकडं बघत, कधी रवीकडं. मग चावी माझ्या हातात देऊन आत गेले.

रवी पाना उचलून म्हणाला, "बसवू का हेड?"

"बसव. अन् नट होता तिथं आण. शेंदराला शेंदूर भिडला पाहिजे."

"आणतो, अक्का. मग पुन्हा कधी हात लावणार न्हाई, आईची—"

"आण घालू नको," मी म्हटलं, आणि डिझेलचा रिकामा कॅन पालथा घालून त्याच्यासमोर बसले. शेवटचा बोल्ट आवळून होईपर्यंत त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.