सरळ रस्त्याची दोन मिनिटे

रविवारी सकाळी साडेसहाला थोरला उठला. बायकोची झोप मोडू नये म्हणून त्याने स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले, पातेल्यात पाणी कोमट केले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवून तो उभा राहिला. एकतीस वर्षे तो कवळ्या बनवत होता. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टरचा साचा फोडायचा, कृत्रिम हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. या कामाने बोटांची पेरे सकाळी आखडलेली असत. दहा मिनिटांनी ती सुटी झाली. त्याने हात पुसले, बाहेरच्या खोलीतला टीव्ही लावला, कानांवर हेडफोन चढवला आणि कंट्रोलर हातात घेतला. बरोबर सातला कानात खरखर झाली.

"दादा, आहेस का?"

"मघापासून बसलोय. तुझंच घड्याळ मागे."

धाकटा दूर, दुसऱ्या देशात राहत असे. तिथे तेव्हा दुपार असायची. चार वर्षे दर रविवारी दोघे भाऊ मोटारींच्या शर्यतीचा हा एकच खेळ खेळत आले होते, आणि त्यातलाही एकच ट्रॅक: डोंगररस्ता. एक फेरी अकरा मिनिटांची. वळणांवर दोघांपैकी कोणी बोलत नसे. तसे कधी ठरले नव्हते, पण तशी सवयच पडून गेली होती. माथ्यावर मात्र पठार होते आणि पठारावर दोन मिनिटांचा सरळ रस्ता. बोलायचे ते तिथे. धाकट्याची बायको घर सोडून गेल्याचे थोरल्याला त्या सरळ रस्त्यावर कळले होते. आपल्याला डाव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले आहे, हे थोरल्याने बायकोच्याही आधी तिथेच सांगितले होते. फोनवर दोघांची गाडी "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यांच्या पुढे कधी गेली नाही. समोर रस्ता असला आणि दोघांची नजर त्या रस्त्यावर असली, की जड गोष्टीही तोंडातून सहज निघत.

त्या रविवारी डोंगररस्त्याच्या चित्रावर कुलूप होते.

"हे काय रे छोट्या? 'हा ट्रॅक तुमच्याकडे नाही' म्हणतंय."

"अपडेट आलंय. जुने चार ट्रॅक काढून नव्याने केलेत आणि वेगळ्या पॅकमध्ये टाकलेत. तो पॅक विकत घ्यावा लागतो. मी कालच घेतला."

"नाही कसा माझ्याकडे? चार वर्षं चालवतोय मी!"

"सगळेच शिव्या घालतायत, दादा. तू एकटा नाहीस."

"अरे, पण खेळ मी पूर्ण पैसे मोजून घेतलाय. उद्या मी एखाद्या म्हाताऱ्याला कवळी दिली आणि चार वर्षांनी घरी जाऊन दाढा काढून आणल्या, वर म्हणालो, आजोबा, दाढांचे वेगळे पडतील, तर?"

धाकटा मोठ्याने हसला. "आजोबा चावतील तुला."

"कशाने चावतील? दाढा माझ्याकडे!"

हसणे ओसरल्यावर धाकटा म्हणाला, "मी पाठवतो ना तुला. भेट म्हणून पाठवता येतो."

"काही नको. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मग ते शिकाऊ चालकांच्या ट्रॅकवर खेळले. तो वाटोळा होता आणि दीड मिनिटात संपे. सगळी वळणेच. तासभर ते गोल गोल फिरले आणि निरोप घेताना दोघांच्याही लक्षात आले, की आज बोलणे असे काही झालेच नाही.

त्या आठवड्यात थोरल्याने कंपनीला तक्रार लिहिली. दोन संध्याकाळी त्यासाठी खर्ची पडल्या. एकदा विकलेली वस्तू परत काढून घेऊन पुन्हा विकणे कोणत्या न्यायात बसते, असे त्याने नम्रपणे विचारले होते. उत्तर मिनिटभरात आले. त्यात आभार होते आणि खाली नव्या पॅकची जाहिरात.

प्रयोगशाळेत त्याच्या शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाई बसत. त्यांनी मशीन थांबवून सगळी हकिकत ऐकली.

"अहो, मग घेऊन टाका की विकत. एवढं काय त्यात?"

"घेता येतं हो. पण का म्हणून घ्यायचं?"

"तुम्ही ना, दुसऱ्याच्या तोंडात बत्तीस दात बसवता आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून बसता," असे म्हणून बाईंनी मशीन पुन्हा सुरू केले.

तिसऱ्या रविवारी टीव्हीच्या पडद्यावर एक चौकट आली. छोट्याने तुम्हाला भेट पाठवली आहे. खाली दोन बटणे होती: स्वीकारा, परत करा. थोरल्याचे बोट क्षणभरही अडखळले नाही. त्याने भेट परत केली.

लगेच कानात खरखर झाली.

"परत केलंस?"

"नको म्हटलं होतं ना तुला. कंपनीला अद्दल—"

"कंपनीचं काय घेऊन बसलास, दादा! घड्याळ पाठवलं, तू परत पाठवलंस. कोट पाठवला, तो वहिनीने ठेवून घेतला म्हणून राहिला, पण तू अंगाला लावला नाहीस. तू भांडतोयस कोणाशी? त्यांच्याशी की माझ्याशी?"

"तुला तिकडे खर्च कमी आहेत का? म्हणून म्हणतो."

"मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे." धाकट्याचा आवाज खाली आला. "मला तुझ्याशी बोलायचं होतं. तीन रविवार झाले. या भोवऱ्यावर फिरता फिरता नाही बोलता येत."

"मग आत्ता बोल."

"आत्ता नाही. जाऊ दे."

खरखर थांबली. थोरला हेडफोन न काढता तसाच बसून राहिला. पडद्यावर त्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवर एकटीच धडधडत होती. त्याने फोन लावला. धाकट्याने उचलला, "बरं आहे, दादा," म्हणाला आणि ठेवला.

बायको चहा घेऊन आली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कप खाली ठेवला.

"काय झालं?"

त्याने सांगितले. सांगताना आपली बाजू पूर्वीइतकी भक्कम वाटत नाही, हे त्यालाच जाणवत होते.

"तुम्ही एकोणीस वर्षांचे असताना मामंजी गेले," ती म्हणाली. "कॉलेज सोडलंत, याला शिकवलंत. सगळं खरं. पण अहो, त्याने काय आयुष्यभर घेतच राहायचं? घेणाऱ्याला कसं वाटतं, ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? तुम्ही कधी घेतलंयत कोणाकडून?"

"मी काय त्याच्यावर उपकार केले म्हणतोय का?"

"म्हणत नाही तुम्ही. म्हणूनच त्याला बोलताही येत नाही."

दुपारी ती शेजारी गेल्यावर थोरल्याने पुन्हा टीव्ही लावला. पॅकचे पान उघडले. खरेदीच्या बटणावर बोट ठेवले आणि तो थांबला. हे सोपे होते. आत्ता पॅक घेतला असता तर तत्त्वाची थोडी झीज झाली असती, इतकेच. पण धाकट्याला तो आणखी एक नकारच वाटला असता: माझे मी घेतले, तुझे नको.

त्याने पान बंद केले. फोन हातात घेऊन निरोप लिहायला बसला. जे बोट मेणाच्या हिरडीत केसाएवढी रेघ न चुकता ओढत असे, ते अक्षरांवर घोटाळत होते. पहिल्या मजकुरात कंपनीचा निषेध होता, तो पुसला. दुसऱ्यात कारणे होती, तीही पुसली. शेवटी उरले ते त्याने पाठवले: 'छोट्या, भेट पुन्हा पाठव. मला हवी आहे.'

पुढच्या रविवारी सातला चौकट पुन्हा आली. त्याने 'स्वीकारा' दाबले. डोंगररस्त्यावरचे कुलूप निघाले.

"आलास?" धाकट्याने विचारले.

"आलो." मग घसा साफ करून तो म्हणाला, "बरं केलंस पाठवलंस ते." एवढे बोलायला त्याला शर्यतीच्या आधीची सगळी उलटी मोजणी लागली.

गाड्या सुटल्या. झाडे अधिक हिरवी केली होती, दरीत धुके सोडले होते, कडेला पाहणाऱ्यांची गर्दी उभी केली होती. चढ ओळखीचा होता. दोघे गप्प होते, वळणावर असायचे तसे. माथा जवळ आला तसा थोरल्याचा श्वास मोकळा होऊ लागला. शेवटचे वळण घेऊन गाडी पठारावर आली.

पठारावर सरळ रस्ता नव्हता. खेळाचा थरार वाढावा म्हणून कोणीतरी तिथे एकामागून एक नऊ वळणे घातली होती.

"अरे देवा," धाकटा हळूच म्हणाला. "इथेही वळणं. मी आलोच नव्हतो रे इथवर. तुझ्यासाठी थांबलो होतो."

पहिले वळण थोरल्याने जेमतेम घेतले. दुसऱ्यावर चाके घसरली. तिसऱ्याच्या आधी त्याने वेगाच्या बटणावरून बोट उचलले, गाडी हळूहळू कडेला घेतली, कठड्याला लावून उभी केली आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"काय झालं, दादा? अडकलास?"

"नाही. थांबलोय."

"वेळ संपेल ना!"

"संपू दे. तू बोल."

मग पुढच्या वळणाआडून धाकट्याची गाडी उलट्या दिशेने येताना दिसली. चुकीची दिशा, चुकीची दिशा, असा लाल बाण पडद्यावर उघडझाप करत होता. गाडी थोरल्याच्या गाडीशेजारी येऊन, थोडी तिरपी, उभी राहिली.

"गळ्याशी गाठ आली आहे," धाकटा म्हणाला. "गुरुवारी तुकडा काढून तपासणार आहेत. बरोबर कोणी आहे का, असं नर्सने विचारलं. मी हो म्हणालो. कोणी नाही रे, दादा."

"गुरुवारी किती वाजता?"

"दहाला. इथल्या दहाला."

"मी मंगळवारी निघतो. व्हिसा अजून आहे माझा."

"एवढ्या लांब? तिकीट..."

"तिकीट तू काढ," थोरला म्हणाला. "तूच पाठव मला."

"आत्ताच काढतो," धाकटा म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेले सेकंद एकेक करून गेले, शून्य आले आणि मोठ्या अक्षरांत 'शर्यत अपूर्ण' असे उमटले. त्या अक्षरांमागे दोन्ही गाड्या दिवे लावून कठड्याशी उभ्या होत्या.