शनीच्या कड्यांपाशी अडलेले यान

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. नागपूरच्या एका कार्यालयाने मला मोडीत काढले, तेव्हा सेलूच्या मोनालीने मला दुरुस्त करून घरी आणले. तिने आणि तिचा धाकटा भाऊ रोशन याने माझ्यावर अवकाशप्रवासाचा खेळ रचला.

ग्रहांमधली अंतरे खरीच हवीत, हा मोनालीचा हट्ट. पण अंतराचे आकडे फुगले की बारीक अपूर्णांक माझ्या हातून सुटत आणि सूर्यापासून दूर गेलेले यान हिवताप भरल्यासारखे थरथरे. शेवटी तिने यान मध्यभागी स्थिर ठेवले आणि सारे विश्वच त्याच्याभोवती सरकवले. थरथर थांबली, माझे काम मात्र वाढले. त्यात रोशनने शनीची कडी घडवली. लाखो कण, प्रत्येकाची चमक वेगळी! अख्खा उन्हाळा त्याने त्यात घातला.

आंजी गावच्या शाळेत खेळ दाखवायचा होता. ऑक्टोबरच्या उन्हाने पत्रे तापलेले, वर्ग मुलांनी खच्चून भरलेला. मंगळ मागे पडला, गुरू मागे पडला. शनी जवळ आला आणि चित्र अडखळू लागले. माझा पंखा घरघरला. आणखी ताण आला असता तर मी बंदच पडलो असतो.

"काऊन अटकून राह्यलं?" मागून कुणीतरी ओरडले.

"ताई, अंतर कमी कर नं," रोशन कुजबुजला.

"आता अंतर बदलवलं तं सगळंच ढासळते. कण काढा लागते."

"नाई! माहा सारा उन्हाळा गेला त्यात."

मोनालीचे बोट कण पुसण्याच्या कळीवर थांबले. "तुह्यं काम हाय. तू नाई म्हनशीन, तं मी नाई काढत."

पंखा किंचाळला. रोशनने पडद्याकडे पाहिले, मग ताटकळलेल्या मुलांकडे. आणि त्यानेच कळ दाबली.

कण विझले. उरला एक साधा, फिकट पट्टा. माझ्या जिवात जीव आला. यान त्या पट्ट्याच्या कडेने सरळ पुढे निघाले.

अंजू नावाची मुलगी उठून जवळ आली. "दादा, आता अजून किती दूर जाचं हाय?"

"लय दूर," रोशन बाजूला सरकला. "बस इथं. तूच चालव."

मित्रांनो, यंत्र अडखळले की त्याच्यावर हात आपटू नका. आपण त्याच्याकडे एकाच वेळी काय काय मागतो आहोत, ते आधी पाहा. आणि ज्याने आपले सर्वांत सुंदर काम तुमच्यासाठी पुसून टाकले, त्याला एकदा तरी विचारा, तिथे आधी काय होते.