मांडवाची तार

सावळेराम माझा शेजारी. ओतूरच्या अलीकडं टेकाडावर आमची दोघांची वस्ती. त्याची द्राक्षाची बाग, माझं टमाटं. दोन हजार चार-पाचची गोष्ट आसंल. त्याची पोरगी नूतन ओतूरच्या कालेजात जायची, आन् तिच्या मामानं तिला पुण्याहून गिअरची सायकल धाडली व्हती. पावसानं तिच्या तारा गंजल्या. ब्रेक दाबला का करकर करायचा, गिअर तर अडकूनच बसला.

पोरगी बापाला म्हणली, "दादा, ओतूरातून चांगल्या तारा आणते."

"चांगल्या म्हंजी? ती पिळाची, दोऱ्यासारखी?" सावळेराम हसला. "अगं, आपल्या मांडवावर आख्ख्या बागेचा माल लोंबतो. वादळ आलं तरी तार तुटली का कधी? पिळाची तार म्हंजी बाईची वेणी. एकेक केस गळतोय."

"पण दादा, ती वाकती तरी."

"वाकती म्हणूनच नको!"

त्यानं मांडवाच्या बारक्या तारंचं भेंडोळं काढलं. दोन्ही ब्रेकला तीच घातली. मुठीपाशी अडकवायला तिला मुंडी नव्हती, तर पक्कडीनं आकडा वळवला. बसंना, म्हणून सरळ केला, पुन्यांदा वळवला. गिअरलाबी तीच. गिअर काय हालंना.

"एकाच गिअरवर चालव. तुझा आजा काय गिअर टाकून बेल्ह्याच्या बाजाराला जायचा?"

नूतन फणकारली. "उद्या पेपर हाय माझा. मी पायी जाईन."

ते मातर त्याला लागलं. मी बाजूलाच उभा व्हतो, मला म्हणला, "भिमाजी, बस रं मागं. दाखवू हिला."

"आरं, मी म्हंजी भरलेलं पोतं!"

"मंग तर झ्याकच. ब्रेकनं तुला आडवला तर ही पोरगी म्हंजी कापूस."

बसलो. आमच्या वस्तीवरनं गाडीवाट खडी उतरती, खाली थेट एस्टीचा रस्ता, पल्याड ऊस. थोडं गेल्यावर त्यानं मागला ब्रेक दाबला. सायकल थांबाय आली. "बघ!" म्हणला. सोडला. पुन्हा दाबला.

टक.

"काय वाजलं रं?"

सावळेरामानं पुढला आवळला. टक.

राव, तुमाला काय सांगू! ब्रेकच्या मुठी नुसत्या लुळ्या पडल्या, आन् सायकल सुटली. माझ्या चपला दगडाला घासून कुठं गेल्या, कळलं नाय. खाली एस्टी आली. गाडीची मागली शिडी माझ्या नाकापुढून सरकली, आन् आमी रस्ता वलांडून उसात.

तोंडं चिरली, हाडं शाबूत. सावळेराम उसात तसाच बसलेला, डोळं फाटलेलं.

"दादा! तात्या!" नूतन वरनं किंचाळत पळत आली.

त्यानं तिच्याकडं बघितलंच नाय. तुटलेली तार हातात घेतली. आता बागेत पक्कड जवळ नसली का आमी तार कशी तोडतो? एका जागी वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची. तुटती. सावळेरामानं जल्मभर तशाच तोडल्या. तिथं बसून त्यानं तेच केलं. वाकवली, सरळ केली, वाकवली. तुकडा मांडीवर पडला.

"ब्रेक दाबला का हेच व्हतंय की गं," तो म्हणला. "उद्या तू व्हतीस ह्याच्यावर."



त्याच दुपारी तिघं ओतूरला गेलो, पायी. सायकल ढकलत. दुकानात सावळेराम फळीपाशी उभा ऱ्हायला. "तू निवड," एवढंच म्हणला. एरवी हा गडी कोथिंबिरीच्या जुडीलाबी हुज्जत घालायचा.

पोरीनं न गंजणाऱ्या तारा मागितल्या. एकेक बोटाभवती गुंडाळली, सोडली, कुठं एखादा केस सुटतोय का बघितलं. मुंडी नखानं हालवून बघितली.

दुकानदार म्हणला, "ताई, ब्रेकला जाड, गिअरला बारीक. तारंवरल्या नळ्याबी येगळ्या, आदलाबदल करू नका."

"आतून प्लॅस्टिकच्या द्या," नूतन म्हणली. "पाणी धरायला नको."

तारा तिथंच बसवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकलवर पेपराला निघाली. सावळेराम उताराकडं पाठ करून उभा.

"भिमाजी, तू बघ. ब्रेक लागतोय का?"

"लागला. हळू चाललीय."

"आता?"

"रस्त्याच्या अलीकडं थांबली. पाय टेकलाय. टेम्पो जाऊ देतीय."

"आन् आता?"

"गेली रं. वळली फाट्याला."

तवा कुठं त्यानं तोंड फिरवलं.