बरोबर बाराला पावणारं गाऱ्हाणं

एकवीस नारळ.

मोबाईलच्या काचेवर कुंकू.

वर्षभराचं भाडं, एकरकमी.

एक कपाट, दोरीनं बांधलेलं.

गुरूचं एक वाक्य: 'पॉइंट म्हणजे प्रसाद. प्रसाद मोजायचा नसतो.'

चिंचपोकळीच्या मंडळाच्या खोलीत रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर एकवीस मोबाईल, प्रत्येकापुढे एक नारळ, प्रत्येकात ऑनलाइन पोकरचं तेच ॲप. समोर हितेंद्र. पूर्वी टूर पॅकेजं विकायचा, आता गुरू. पत्ते कसे खेळावेत हे तो शिकवत नसे. खेळणाऱ्याला ॲप जे बक्षिसाचे पॉइंट देतं ते सिल्व्हरवरून गोल्डला, गोल्डवरून डायमंडला कसे चढवावेत, एवढंच. सात ते नऊ खेळलं तर पुण्य दुप्पट. चार टेबलांवर एकदम बसलं तर चौपट. हरलात तरी पॉइंट वाढतात, म्हणजे हरणं नाहीच, असं तो सांगे आणि माणसं माना डोलवत.

मग गाऱ्हाणं, कोकणात देवापुढे घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांचे पॉइंट वाढव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"गोल्डवाल्याक डायमंड कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

शेवटच्या ओळीला सगळे मोबाईल एकदम वाजत. बक्षीस जमा. बायका हात जोडत.

माझा धाकटा भाऊ दत्ताराम सगळ्यांच्या पुढे बसला होता. नायगावची चाळ पाडून नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहायला म्हणून हातात आलेलं वर्षाचं भाडं तो त्या दिवशी ॲपमध्ये टाकणार होता. डायमंडला तेवढंच कमी पडत होतं. ते गेलं की भाड्याची खोली जाणार आणि त्याची बायको प्रिती मुलीला घेऊन माहेरी, देवगडला. चाळीतून सामान हलवताना बांधलेल्या कपाटाची दोरीच तिनं अजून सोडली नव्हती. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. पण दत्ताराम म्हणाला, "ताई, तुझा विश्वास नाय, म्हणून तुला दिसत नाय."

म्हणून मीही ते ॲप घेतलं आणि आठवडाभर खेळले.

गाऱ्हाणं संपलं, एकवीस मोबाईल वाजले. बाविसावा माझ्या पर्समध्ये वाजला. नारळ नाही, कुंकू नाही, ॲप घेताना बाकीच्यांनी टाकलेला गुरूचा कोडही नाही.

"नियमात लिहिलंय," मी म्हटलं, "दर रविवारी दुपारी बाराला बक्षीस जमा होतं. घड्याळ बघा. हा फक्त वेळ साधून गाऱ्हाणं घालतो."

हितेंद्र हसला. गाऱ्हाण्यात मोडता घालू नये, अपशकुन होतो, म्हणाला. मी म्हटलं, घालते, होऊ दे.

प्रसादाच्या शेंगदाण्यांचं ताट मी पुढे ओढलं. कोणीही जिंको, प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा कापते. मी दहा दाणे बाजूला काढले: हे माझ्या आठवड्याभराच्या डावांतून कापलेले. त्यातला एक उचलून दाखवला.

"आणि हे बक्षीस. डायमंड म्हणजे ज्याचे सगळ्यात जास्त दाणे कापले गेले, तो माणूस."

"मग गुरूला काय मिळतं?" दाराशी उभ्या असलेल्या प्रितीनं विचारलं.

मी दहातले तीन हितेंद्रसमोर ठेवले. "त्याच्या कोडवर आलेल्या प्रत्येकाच्या कापलेल्यातून हे. तेही नियमात लिहिलंय."

"होय म्हाराजा," मागून एका म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीनं निघालं.

दत्ताराम उठला. "गुरू, तुमचा मोबाईल दाखवा. तुमची लेव्हल कुठली?"

हितेंद्रनं मोबाईल खिशात घातला. दत्तारामनं तिथेच, सगळ्यांसमोर, भाडं घरमालकाला पाठवलं. संध्याकाळी प्रितीनं कपाटाची दोरी सोडली.

नऊ जण आपला नारळ घेऊन उठले. बारा बसून राहिले. त्यांच्यासाठी मी पुढच्या रविवारीही शेंगदाणे घेऊन जाणार आहे, अपशकुनी म्हटलं तरी. बक्षीस हातात पडलं की आधी विचारा, हे कोणाच्या ताटातून काढलं? उत्तर मिळेपर्यंत 'होय' म्हणू नका, कोणत्याही महाराजाला.

हितेंद्र स्वतः त्या ॲपवर एकही डाव खेळला नव्हता. हे त्यानं मला पहिल्याच भेटीत, दत्तारामकडे चहा पिताना, सांगितलं होतं. खेळण्यापेक्षा शिकवणं मोठं, म्हणाला होता, आणि तेव्हा मीही त्याचा अर्थ लावला नव्हता.