जेडची तब्येत

सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. निवृत्त झाल्या तरी स्वतःच्या दोन खोल्यांत ड्युटीवर असल्यासारख्याच फिरायच्या. लग्न केलं नाही, राहून गेलं म्हणा. बहीण गेल्यावर तिची पोर वाढवली, शिकवली. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि जाताना आपलं जेडचं झाड मावशीच्या खिडकीत ठेवून गेली. टीचभर झाड, पानं जाड नि गुबगुबीत.

भाचीचा फोन महिन्याकाठी एकदा. "जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवते." झालं! आपण होऊन फोन करणं सिस्टरांच्या स्वभावात नव्हतं. कामाच्या माणसाला कशाला त्रास द्यायचा? ताठा मोठा, आणि दुपारभर बसायचं मात्र फोनकडे बघत.

मग एकदा जेडची पानं पिवळी पडली, हात लावला की टपाटप गळायला लागली. सिस्टरांनी फोटो पाठवला, तर काय आश्चर्य, दहा मिनिटांत फोन!

"मावशी, कॅमेरा खाली धर. अजून खाली. अगं, पाणी फार झालंय. त्याला उपासच मानवतो."

मग रोज संध्याकाळी सहाला फोन. झाड कुंडीतून उपसलं, सडकी मुळं कात्रीने छाटली, दोन दिवस कागदावर सुकवून रेतीच्या मातीत लावलं. सिस्टरांनी डोळ्यांत तेल घालून शुश्रूषा केली. महिन्याभरात शेंड्याला दोन हिरवीगार पानं आली. "जिंकलंस मावशी!" भाची ओरडली. सिस्टरांनाही आनंद झाला, नाही कसं म्हणावं? आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी पेलाभर पाणी आणून कुंडीत ओतलं. चुकून नव्हे हो, चांगलं बघून ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

भेटायची वेळ झाली की कण्हायला लागणाऱ्या पेशंटांना त्यांनी काय कमी झापलं होतं? "काका, सकाळी तर टुणटुणीत होतात! मुलगा आला की बरी कळ येते!" आता तीच गत स्वतःची, आणि वर कण्हायचं काम बिचाऱ्या झाडाच्या गळ्यात. शरम वाटली, फार वाटली. पण पानं पुन्हा पिवळी पडल्याचं कळवताच सहाला फोन वाजायला लागला, आणि शरम काय, गिळता येते.

या खेपेला मात्र अति तिथे माती झाली. बुंधा काळा पडला. बोट टेकवलं तर आतच गेलं.

"राहू दे गं मावशी," भाची म्हणाली. "आता नाही वाचायचं ते. टाकून दे. सुटलीस एकदाची!"

"मग तू फोन कशासाठी करशील?"

तोंडातून निघून गेलं. आता झाकून काय उपयोग? "पाणी मीच घातलं," सिस्टर म्हणाल्या. "मुद्दाम. खोटा रिपोर्ट द्यायची सवय नाही मला, म्हणून सांगते."

आता पोर चिडणार, आता ठेवणार.

"तुला काय वाटतं, मला आठवण येत नाही?" भाचीचा आवाज बारीक झाला होता. "येते गं. पण फोन हातात घेतला की बोलायचं काय तेच सुचत नाही. जेवलीस का विचारलं की संपलं. झाडाचं निदान बोलता तरी यायचं."

सिस्टरांनी कुंडी बाजूला सारली.

"मग नको बोलूस," त्या म्हणाल्या. "पण ठेवू नकोस."

भाचीने फोन ओट्यावर टेकवून ठेवला असावा. नळ सुटला, भांडी वाजली, कुठलंसं कपाट उघडलं आणि लागलं. सिस्टर खुर्ची ओढून कान देऊन बसल्या. मध्येच भाची शिंकली. 'अंगावर काही घाल गं,' सिस्टरांच्या अगदी ओठांवर आलं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्या गप्प राहिल्या.